यादीबाहेरचा वाफा

आमच्या कऱ्हेवाडीत शेजारच्या घरी काय शिजलंय हे वासावरून ओळखणारी माणसं पूर्वापार आहेत. शेजारच्या रानातलं काय आपल्या नाकात शिरलंय हे गट नंबरासकट सांगणारी पेटी मात्र २०४३ सालच्या दिवाळीनंतर आली, आणि ती माझ्या गच्चीवर बसली. त्याला दोन कारणं होती. एक, माझी गच्ची गावात सगळ्यांत उंच. दुसरं, मी, बापू बोरावके, भूमी अभिलेखात छत्तीस वर्षं मोजणीदार होतो. गावातला प्रत्येक गट मला पाठ आहे आणि गावातलं प्रत्येक घर कधी ना कधी माझ्यावर रागावलेलं आहे. निःपक्षपाती माणूस म्हणतात तो असाच तयार होतो.

आधी शिंकाळीबद्दल सांगतो, कारण पेटी तिच्यासाठी आली होती. हे तण मूळचं अमेरिकेचं. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव अँब्रोसिया ठेवलं आहे आणि त्याचा अर्थ देवांचं अन्न. नाव ठेवणाऱ्याला त्या दिवशी सर्दी नसावी. मागे दुष्काळाच्या साली कोंबड्यांसाठी बाहेरून धान्य आलं, त्यातून बी आलं, आणि बायपासच्या भरावातून ते पसरलं. झाड दिसायला गरीब. कमरेइतकं वाढतं, पानं बारीक कातरलेली, आणि फुलं अशी की ही फुलं आहेत हे शेजाऱ्याने सांगावं लागतं. फुलपाखरू ढुंकून बघत नाही, म्हणून ते सगळं वाऱ्यावर सोडतं. एक दांडगं झाड एका हंगामात शंभर कोटींच्या आसपास परागकण सोडतं. केसाच्या रुंदीत तीन-चार कण शेजारी शेजारी बसतील एवढे ते बारीक, आणि सगळ्या बाजूंनी काटेरी. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तसा त्याला आणखी जोर चढला. बी जमिनीत चाळीस वर्षं निजून राहू शकतं. परक्या मुलखातून येऊन इथल्या हवापाण्याला इतकं मानवलेलं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. आमची धाकटी सून पुण्याहून येऊन अकरा वर्षं झाली, तिला अजून इथलं पाणी जड जातं.

आधी नाक, मग डोळे, मग छाती. फाल्गुनात दवाखान्यात वाफ घ्यायला रांग लागायची. मागल्या वर्षी दोन म्हातारी माणसं दम लागून गेली, तेव्हा जिल्ह्याच्या परागनियंत्रण कक्षाने पेटी पाठवली.

पेटीबरोबर डॉ. नसीमा मुलाणी आल्या. बारामतीकडच्या, वय तिशीच्या आसपास, बोलणं स्वच्छ. त्यांनी मला समजावलं ते असं. पेटी दिवसभर हवा ओढते. आत आलेल्या प्रत्येक कणावर प्रकाशाची तिरीप पडते आणि त्याचा आकार, काटे, चमक यावरून तो कशाचा हे ठरतं. इथवर जुनंच तंत्र. पुढचं नवं. पेटी कण फोडते आणि त्यातला डीएनए वाचते. शिंकाळीच्या प्रत्येक ताटव्याचं घराणं थोडं वेगळं असतं. गटागटांतून झाडांचे नमुने गोळा करून त्यांची यादी आधी पेटीला दिली, की हवेतला कण यादीशी ताडून ती गट नंबर सांगते.

"म्हणजे कणाचा सात-बारा," मी म्हणालो.

"अगदी तसंच, काका," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं मला समजलं. मलाही तसंच वाटलं.

यादी करायला मी त्यांना गावभर हिंडवलं. एकच ठिकाण वगळलं. नदीकाठचा गट दोनशे अकरा, नऊ गुंठे, देवाचा दवण्याचा वाफा. चैत्रात आमच्या नाथाच्या यात्रेला तीसेक हजार माणसं येतात, प्रत्येकाला तिथल्या दवण्याची काडी मिळते, आणि ती घरी नेऊन तुळशीच्या कुंडीत खोवायची असते. तो दवणा पिकवायचा मान माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरचा, गिरम्यांचा. मेहुणे गेल्यापासून अक्का एकटी तो वाफा बघते. तिथे परक्या माणसाने पाय ठेवायचा नाही असा रिवाज आहे.

"तिथं राहू द्या," मी डॉक्टरांना म्हणालो. "तिथं दवण्याशिवाय काही नाही."

त्यांनी वहीत तसं लिहिलं.

पेटी सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता देवळाच्या कर्ण्यावरून मी निकाल वाचायचा आणि तोच निकाल सगळ्यांच्या फोनवर यायचा. पंधरा दिवसांत गाव ओळखू येईना. पूर्वी माणूस शिंकला की रुमाल काढायचा, आता फोन काढू लागला.

"कुणाची?"

"भोंगळ्यांची."

"वाटलंच मला. त्यांचा आजापण असलाच होता."

सोयरीक जमवताना मुलीकडचे पत्रिकेबरोबर तीन महिन्यांचा परागउतारा मागू लागले. जावई आला की त्याला उंबऱ्याबाहेर झटकून मग आत घ्यायचे. तांबडं फुटायच्या आत माणसं बांधावर वाकलेली दिसू लागली. निम्मी आपल्या बांधावरची शिंकाळी उपटत होती आणि निम्मी ती दुसऱ्याच्या बांधावर लावत होती. ग्रामसभेला एवढी गर्दी गावाच्या इतिहासात झाली नव्हती. प्रत्येकजण दुसऱ्यावर नजर ठेवायला येत होता.

नियम असा होता की एकच गट सलग पंधरा दिवस पहिल्या नंबरावर आला तर तो उगमगट ठरायचा. मग त्यातलं मुळं असलेलं सगळं काढायचं, वाफयंत्राने माती वीतभर खोल शिजवायची, आणि जमीन पाच वर्षं बंद.

माघ संपता संपता एके सकाळी मी कर्ण्यावर वाचलं, "मुख्य उगम, गट नंबर दोनशे बारा." पुढे मालकाचं नाव होतं. "सर्जेराव बाबूराव कामथे."

सर्जेराव माझा वर्गमित्र. चाळीस वर्षं आम्ही सकाळचा चहा एकत्र घेत आलो. दोनशे बारामध्ये त्याच्या वडिलांच्या हातची अंजिराची बाग आहे, एकशे तीस झाडं. त्याला मूल नाही. झाडांना मात्र नावं आहेत. मी देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आत तो समोर उभा होता.

"वाचताना लाज न्हाई वाटली?"

"मी फक्त वाचतो, सर्ज्या. सांगणारा डबा."

"आन् डबा कुणाच्या गच्चीवर हाय?"

"उंच आहे म्हणून..."

"एकोणीस वर्सांमागं साखळी टाकून अर्धा गुंठा तुझ्या बहिणीच्या वाफ्यात घातलास. तवा पण म्हणालास, मोजणारी साखळी. तुझ्या हातात काय ना काय असतंच लेका, आन् बोलतंय तेच."

"मोजणी बरोबर होती."

"आरं, अंजिराचं फूल फळाच्या आत असतंय! माझ्या झाडांनी जल्मात वाऱ्यावर काय सोडलं न्हाई. आन् माझं नाव?"

आम्ही त्याच्या रानात गेलो. नदीकडच्या बांधावर शिंकाळीची अकरा झाडं निघाली. त्याने ती माझ्यासमोर उपटली, पिशवीत बांधली, आणि मी पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर पुन्हा दोनशे बारा. तिसऱ्या दिवशीही.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मला सर्जेरावचाच संशय आला. त्याच्याकडे वीस-पंचवीस कोंबड्या, त्यांचं खाद्य बाहेरून येतं, आणि शिंकाळीचा प्रवास अशाच खाद्यातून होतो हे मी डॉक्टरांकडून शिकलो होतो. मी तीन दिवस त्याच्या खुराड्यामागे घिरट्या घातल्या. चौथ्या दिवशी उकिडवा बसून माती चिवडत असताना मागून आवाज आला.

"अंडी पायजेत तर मागून घे की."

मी उठलो, गुडघे झटकले. तो कोंबड्यांना दाणे टाकायला लागला. त्या दिवसापासून तो चहाला यायचा बंद झाला.

पंधरा दिवस भरले. आदेश आला. पुढच्या सोमवारी वाफयंत्र येणार होतं.

मंगळवारी सकाळी मी गच्चीवर पेटीशेजारी बसलो होतो. सर्जेरावच्या बागेत आता शिंकाळीचं पानही नव्हतं. मी स्वतः झाडाझाडाखाली फिरून पाहिलं होतं. तरी पेटी त्याचंच नाव घेत होती. नोकरीत मला एक गोष्ट कळली होती. कागदावर नाव एकाचं आणि रानात औत दुसऱ्याचं, असं निम्म्या तालुक्यात असतं. मी डॉक्टरांना फोन लावला.

"एखाद्या कणाचा गट यादीत नसेलच, तर पेटी काय करते?"

"यादीतलं सगळ्यांत जवळचं घराणं सांगते. चुलत, मावस, जे असेल ते."

"म्हणजे बापाचं नाव यादीत नसेल तर पोराला धरते?"

"तसं म्हणता येईल, काका."

"आपल्या यादीत कुठले गट नाहीत?"

त्यांनी वही चाळली. पानांचा आवाज मला ऐकू आला. "एकच. दोनशे अकरा. तुम्हीच नको म्हणाला होतात."

बुधवारी मी अक्काच्या वाफ्यावर गेलो. दवणा कमरेला लागला होता आणि वास असा की माणसाने नुसतं उभं राहावं. अक्का खुरपं घेऊन सऱ्यांमधून चालत होती. त्र्याहत्तरावं वर्ष, पाठ अजून सरळ.

"बापू, आज कसा आलास? डबा बंद पडला व्हय?"

"सहज. दवणा उंच झालाय यंदा."

"धा वर्सं झाली, वाढतोच हाय. देवाची किरपा. आता पेरायला पण लागत न्हाई फारसा, निम्मा आपसूक उगवतो."

"आपसूक?"

"आरं, आपसूक उगवला तो देवानं लावलेला. त्याला खुरपं लावायचं न्हाई, आधी त्याची जुडी देवाला. सासूबाईंनी सांगितलंय. बाकी तण उपटायचं. पर एकेक पान चुरडून वास घ्यायचा, दवणा वाटला की ठेवायचा, न्हाई वाटला की भाईर. मी डोळे झाकून करती."

तिची पाठ वळली तेव्हा मी दहा काड्या खुडल्या आणि कोटाच्या खिशात घातल्या. बहिणीच्या घरी चोरी करायची वेळ अडुसष्टाव्या वर्षी आली.

काड्या मी त्याच दिवशी प्रयोगशाळेत धाडल्या आणि गुरुवारी दुपारी डॉक्टर स्वतः त्या घेऊन आल्या. त्यांनी माझ्या टेबलावर दहाही काड्या मांडल्या. तीन एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला.

"हा दवणा. या सात शिंकाळी."

मी चष्मा पुसून पाहिलं. मला दहाही दवणाच दिसत होत्या. मी वास घेतला. तोही दवण्याचाच.

"असं होतं," त्या म्हणाल्या. "भाताच्या खाचरात एक गवत असतं, निंदणाऱ्या बायका शेकडो वर्षं ते उपटत आल्या. जे झाड भातासारखं दिसेल तेवढं चुकून वाचायचं आणि त्याचं बी पडायचं. असं होत होत ते गवत हुबेहूब भातासारखं झालं. निवड निंदणाऱ्यांनीच केली, त्यांना पत्ताही नव्हता. इथे तर आपसूक आलेलं वाचवायचंच असा नियम, आणि परीक्षा पानाची आणि वासाची. शिंकाळी आणि दवणा एकाच कुळातले, पानं मुळातच जवळची. तिला एका वर्षात तीन-तीन पिढ्या मिळत असणार. अक्कांनी दहा वर्षांत जे घडवलं ते आमच्या प्रयोगशाळेला जमलं नसतं."

त्या खूश दिसत होत्या. शास्त्रज्ञांचं मला हेच कळत नाही.

मग त्यांनी फोनवर नकाशा उघडला. जिथे जिथे दुसऱ्या पेट्यांना हे घराणं सापडलं तिथे तांबडे ठिपके. बारामती, दौंड, फलटण, अकलूज, थेट मिरजेपर्यंत. डॉक्टरांना या ठिपक्यांचा माग लागत नव्हता. वाऱ्याची दिशा जुळत नव्हती, नदीही जुळत नव्हती. मला तो एका नजरेत लागला. यात्रेला येणाऱ्या जादा एसट्यांच्या त्या पाट्या होत्या. तीस हजार माणसं दरसाल एकेक काडी घेऊन गेली होती, बियांसकट, आणि तुळशीच्या कुंडीत खोवून हात जोडले होते.

"मग सर्जेरावचा आदेश थांबवा," मी म्हणालो.

"दोनशे अकरा यादीत आला की आपोआप थांबेल. पण या काड्या तुम्ही न विचारता आणल्यात. असा नमुना यादीत घालता येत नाही. मानकऱ्यांची सही लागेल, वाफा उपटायला संमती. सोमवारच्या आत."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर पेटीच्या लेखी दोनशे बारा."

डॉक्टर गेल्या. मी अक्काकडे जायला निघालो आणि चौकातून परत आलो. शुक्रवारी घरातूनच निघालो नाही. शनिवारी सकाळी निकाल वाचायला गेलो, दोनशे बारा वाचला, आणि अक्का देवळाच्या ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "सर्जाचं वाईट झालं रं." मी मान हलवली. तिच्याकडून तो मान गेला तर तिच्या हातात काय उरतं, याचा हिशेब मला करवत नव्हता. पन्नास वर्षांत तिने गावात कुणाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी गच्चीवरून सर्जेरावला पाहिलं. शिडी लावून तो अंजिरं उतरवत होता, कच्ची. कच्चं अंजीर कुणी घेत नाही, खातही नाही. तो एकेक फळ देठाशी हलकेच पिरगळून काढत होता आणि पाटीत ठेवत होता, जणू उद्या बाजार आहे. मी खाली उतरलो आणि अक्काकडे गेलो. आभाळ भरून आलं होतं.

ती पडवीत दवण्याच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यासमोर दोन काड्या ठेवल्या.

"यातला दवणा कुठला?"

तिने दोन्ही चुरडल्या, वास घेतला. "दोन्ही माझ्या वाफ्यातल्या. कवा आणल्यास? आन् ह्यो चांगला," तिने एक पुढे केली. "ह्यो आपसूक आलेला."

"ती शिंकाळी आहे, अक्का."

तिने परत वास घेतला. या वेळी बराच वेळ.

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"त्या पोरीला दवण्यातलं काय कळतंय?"

"शिंकाळीतलं कळतं."

मी सगळं सांगितलं. पेटी, यादी, भाताचं गवत, मिरजेपर्यंतचे ठिपके. बाहेर अवकाळी पावसाची सर आली आणि पत्र्यावर एवढा आवाज झाला की शेवटचं मला ओरडून सांगावं लागलं. आपल्या बहिणीचा अपराध ओरडून सांगणं फार विचित्र असतं.

सर थांबल्यावर ती म्हणाली, "म्हंजी धा वर्सं मी देवाला काय वाह्यलं?"

चुरडलेल्या काड्या मी उचलून बाजूला ठेवल्या.

"आन् सर्जाची बाग?"

"उद्या सकाळी."

"तुला कवा कळलं?"

"गुरुवारी."

"आज रविवार."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. आई बघायची तशी. मी संमतीचा कागद काढून पुढे ठेवला.

"सही कर, अक्का. तुझ्या एका सहीचं काम आहे."

"जागा देवाची. मी कशी सही करू? उद्या गाव म्हणंल, भावानं बहिणीला बोलायला लावलं आन् मैतराची बाग वाचवली. आदुगर साखळी होती, आता डबा." तिने कागद दुमडून कमरेला खोचला. "सकाळी कौल लावू. देव सांगंल ते."

"आणि देव नाही म्हणाला तर?"

"तर तू आन् तुझी डॉक्टरीण बसा देवाला समजावत."

सोमवारी सात वाजता देऊळ भरलं होतं. वेशीवर वाफयंत्र येऊन उभं होतं. रोडरोलरएवढं धूड, त्याचं इंजिन धडधडत होतं आणि दर दोन मिनिटांनी ते फुस्सकन वाफ सोडत होतं. डॉक्टर कागद घेऊन दारात थांबल्या होत्या. सर्जेराव खांबाला टेकून उभा होता, माझ्याकडे न बघता. त्याला फक्त एवढंच कळलं होतं की अक्काने कौल लावायला सांगितलंय.

गावात मात्र प्रत्येकजण दुसऱ्याला ओळखून होता आणि कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. कळ्या कुणी आणल्या, कधी खुडल्या, कितपत ओल्या केल्या, यावर अर्धा तास गेला. पंखे बंद करवले. भोंगळे म्हणाले, उजव्या बाजूची कळी जड वाटते. मग दोन्ही कळ्या बदलल्या. दिनकर गुरवाने नाथाच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवल्या आणि मोठ्याने विचारलं.

"नाथा, वाफा मोकळा करायचा आसंल तर उजवा दे. ऱ्हाऊ द्यायचा आसंल तर डावा दे."

कळ्या जागच्या हलल्या नाहीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाहेर इंजिन धडधडत होतं. मानकरीण म्हणून अक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्याला अगदी लागून उभी होती, पदर डोक्यावर, हात जोडलेले. कुणीतरी कुजबुजलं, "देव नाराज हाय." कुणीतरी म्हणालं, "देवाला गट नंबर कळत नसतील." यंत्राच्या माणसाने दारातून डोकावून घड्याळ दाखवलं.

तेवढ्यात अक्का शिंकली.

साधीसुधी नाही. घंटेचा लोलक हलला. नाथाच्या उजव्या खांद्यावरची कळी सुटली आणि पायाशी पडली.

मग एकदम कल्ला. शिंक म्हणजे अपशकुन, हा कौल धरायचा नाही, असं एक बाजू म्हणाली. गेली सहा वर्षं गावात शिंकेशिवाय एक लग्न लागलेलं नाही, ती सगळी मोडणार का, असं दुसरी बाजू म्हणाली. भोंगळ्यांनी परत कौल लावायची मागणी केली. शेवटी दिनकर गुरव उंबऱ्यावर आला आणि म्हणाला, "शिंक कुणाची का आसंना, फूल देवाचं हाय. उजवा झाला."

अक्काने कमरेचा कागद काढला, माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे दोनशे अकरा यादीत घातला. यंत्राचं इंजिन बंद झालं आणि एवढी शांतता पसरली की नदीचं पाणी ऐकू आलं.

सवयीने मी फोनवर पेटीचा तासाचा आकडा पाहिला. त्या गर्दीत फोन बघणारा मी बहुधा एकटाच असेन. रविवारच्या सरीने हवा धुऊन निघाली होती. सकाळी सात ते आठ, शिंकाळीचे परागकण: शून्य.

वाफ्याकडे जाताना मी अक्काला गाठलं.

"अक्का, आज हवेत एक कण नव्हता."

"बरं झालं की."

"मग शिंक कशी आली?"

"म्हातारपणी कायबाय येतंय," ती म्हणाली आणि भरभर पुढे गेली.

वाफ्याशी सर्जेराव आमच्याआधी पोहोचला होता. डॉक्टरांनी वाटेत त्याला सगळं सांगितलं असावं. मागून सगळं गाव येत होतं, पण बांधाच्या आत पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं. अक्का सरळ आत गेली आणि पहिल्या सरीत उभी राहिली.

"सर्जा, ये. पयला हात तू लाव. गावानं पंधरा दिवस तुझं नाव ऐकलंय."

तो आत आला. वाकण्याआधी माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात विचारलं, "कवा कळलं तुला?"

माझ्या तोंडून "काल" निघून गेलं. मोजणीदाराच्या आयुष्यात इतकं चुकीचं माप मी कुणाला दिलं नव्हतं. तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला. मी खाली बघितलं, आणि त्याला कळायचं ते कळलं.

अक्काने मान वर केली नाही. तिचे हात दवण्यात होते.

"बेस्तरवारी कळलं त्याला," ती म्हणाली. "त्याच दिशी माझ्याकडं आला व्हता. मीच म्हणलं, सोमवारपातूर बोलू नगंस, मला देवाला इचारायचंय. बहिणीचं ऐकलं त्यानं. राग धरायचा तर माझ्यावर धर."

मी तोंड उघडलं. तिने खाली बघूनच माझ्या पायावर मातीचं एक ढेकूळ टाकलं. मी तोंड मिटलं.

सर्जेराव तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. त्याचा विश्वास बसला की नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावरून त्या दिवशी कळलं नाही. आजही तो चहाला येतो, कप हातात घेतो, आणि मधेच माझ्याकडे तसाच बघतो.

"तुमी बोरावके," तो शेवटी म्हणाला, "सगळे एकजात एका माळेचे मणी."

"पन्नास वर्सं झाली, मी गिरमे हाय," अक्का म्हणाली. "नाव नीट घे. आन् वरवर वढू नगंस, मुळासकट उपट."

तो वाकला. मीही वाकलो. चांगला आणि वाईट निवडायची सोय नव्हती. हाताला येईल तो सगळा उपटायचा होता.